५ फूट १ इंच उंची, सेकंड-हँड डोमिनार ४०० आणि आठ महिन्यांचा अनुभव

आधी माझं माप सांगते, नाहीतर खालचं सगळं वाचून उपयोग नाही. उंची ५ फूट १, वजन ५२ किलो आणि इनसीम ७२ सेंटीमीटर. इनसीम म्हणजे पायाची आतली लांबी. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक वर घट्ट धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची, बस. गाडी बघायला जायच्या आधी हे एवढं कराच, कारण एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांत दोन-तीन इंचांचा फरक सहज असतो आणि गाडीला तुमच्या उंचीशी काही देणंघेणं नाही, तिला पाय किती लांब आहेत तेवढंच कळतं.

मला टूरिंगला गाडी हवी होती, म्हणजे पुणे-कोल्हापूर, पुणे-गोवा असं सामान बांधून आरामात जाता येईल अशी, आणि हायवेला ट्रकच्या पुढं जाताना दम लागणार नाही अशी. आधीची गाडी १५० सीसीची होती. नवीन घ्यायचा विचार होता पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर ४० टक्के जीएसटी झाला, मग म्हटलं सेकंड-हँडच बघू. आणि खरं सांगायचं तर लहान चणीच्या माणसानं पहिली मोठी गाडी जुनीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण तुम्ही तिची सीट कापणार आहात, लिव्हर बदलणार आहात आणि पहिल्या सहा महिन्यांत ती एकदा तरी उभ्या उभ्या आडवी होणार आहे, नव्या कोऱ्या गाडीवर ते करायला हात धजत नाही.

बजाजची डोमिनारच का, तर तिचं २०१९ चं मॉडेल मला सगळ्यात पटलं. ३७३ सीसीचं आधीचंच इंजिन पण त्या वर्षी डबल ओव्हरहेड कॅम आला (म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला एकाऐवजी दोन कॅम), ताकद ३५ ची ४० पीएस झाली आणि पुढं यूएसडी फोर्क, म्हणजे उलटे बसवलेले शॉकअप आले. सीटची उंची ८०० मिमी, वजन सुमारे १८४ किलो. आकड्यात ८०० म्हणजे फार नाही वाटत, पण ती सीट पुढच्या बाजूला चांगली रुंद आहे, आणि बुटक्या माणसाचा खरा घोळ तिथं होतो. सीट रुंद असली की मांड्या बाहेर फाकतात आणि पाय सरळ खाली न जाता तिरपा जातो, दोन सेंटीमीटर तिथंच गेले. म्हणून कागदावरचा सीट हाईटचा आकडा बघून गाडी नाकारू पण नका आणि पसंत पण करू नका, बसून बघा.

पाच गाड्या बघितल्या. एका डीलरकडं गाडी चकाचक पुसून ठेवलेली, "एकदम सिंगल हँड आहे ताई, कुठं टच नाही", आणि हँडल पूर्ण वळवून खाली टॉर्च मारला तर फ्रेमवरचा स्टॉपर, म्हणजे हँडल जिथं अडतं तो तुकडा, वाकलेला आणि त्यावर नवा रंग. म्हणजे गाडी समोरून जोरात आपटलेली. मी विचारलं तर म्हणे ते सगळ्याच गाड्यांना असतं. तिथून सरळ निघाले. तुम्ही पण हे तीन-चार ठिकाणी बघाच, स्टॉपर, बार एंड, फूटपेगची टोकं आणि इंजिनचं केसिंग, गाडी पडली असेल तर खुणा इथंच सापडतात. यूएसडी फोर्कच्या सीलजवळ बोट फिरवायचं, तेलकट लागलं तर सील गेलंय. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागं-पुढं हलवली आणि हँडलपाशी टक टक लागलं की कोनसेटचं, म्हणजे हँडलच्या बेअरिंगचं काम आलंच. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा, मग नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, तो टायर बदलायचा खर्च धरून चाला. आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा, थंड इंजिन कसं स्टार्ट होतं त्यावर बरंच कळतं.

माझी गाडी शेवटी पिंपरीच्या एका काकांकडून मिळाली, एमएच १४, जून २०१९ ची, २६ हजार किलोमीटर चाललेली, १ लाख २५ हजारात. एप्रिल २०१९ नंतरची असल्यानं हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आधीपासून होतीच. फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर केली, त्यांचं लोन होतं म्हणून आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ आणि लोन फिटल्याचं बँकेचं पत्र पण घेतलं. ते पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. काका चांगले होते, जुनी सर्व्हिसची सगळी बिलं फाईलमध्ये लावलेली.

आता मुख्य भाग. घरी आणली तेव्हा दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत होती. ओळखीतला प्रत्येकजण म्हणाला "लोअर करून घे". मी नाही केली आणि आजही करणार नाही. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १५७ मिमी आहे, आपल्या गावागावातले स्पीडब्रेकर बघता त्यातून अजून इंचभर काढला तर पोट घासणार. शिवाय नुसती मागून खाली केली तर पुढचा काटा जास्त तिरपा होतो, वळणावर गाडी जड लागते, हेडलाईट आकाशाकडं बघतो आणि साईड स्टँड लांब पडल्यानं गाडी इतकी सरळ उभी राहते की वाऱ्यानं पण पलटी होईल. एवढं सगळं परत जुळवायचं असेल तर ते काम माहितगार माणसाचं आहे, कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नाही.

मी पहिलं काम केलं ते फुकटचं. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. काका आणि काकू दोघं सामान घेऊन फिरायचे म्हणून त्यांनी तो कडक करून ठेवलेला. माझ्या ५२ किलोला ती स्प्रिंग जागची हलत पण नव्हती. बसल्यावर सस्पेन्शन तिच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के खाली जायला पाहिजे, तेवढं जाईपर्यंत पाना लावून मऊ केला. गाडी बसल्यावर एक सेंटीमीटरभर खाली आली आणि खड्ड्यात उडायची ती पण थांबली. हलक्या माणसासाठी हे नुसतं उंचीचं नाही, सस्पेन्शन बरोबर चालण्याचं पण काम आहे, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत.

मग सीट. पुण्यातल्या नाना पेठेतून एक जुनी सीट वेगळी घेतली, ओरिजिनल कापायची नाही हे नक्की होतं. पहिल्या सीटवाल्यानं मधोमध खोलगट खड्डा केला, दीड इंच फोम काढला. पाय मस्त टेकले, पण ब्रेक मारला की घसरून टाकीवर जायचं, आणि साताऱ्यापर्यंत जाईस्तोवर माकडहाड इतकं दुखायला लागलं की उतरून चालले. फोम पातळ झाला की खालचं प्लास्टिक लागतंच. दुसऱ्या कारागिराकडं गेले, म्हातारे गृहस्थ, त्यांनी आधी मला गाडीवर बसवलं, पाय खाली सोडायला लावले आणि मांडी जिथं सीटला घासते तिथं खडूनं रेघ मारली. म्हणाले, "ताई, वरून कमी काढू, बाजूनं जास्त काढू." वरून फक्त एक इंच काढला, पुढच्या दोन्ही कडा तिरप्या तासल्या, वर कडक रिबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) थर दिला आणि बसायची जागा सपाट ठेवली. १,८०० रुपये घेतले, दोन दिवसांत दिली. आठ महिन्यांतला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच. सीटवाला निवडताना एवढंच बघा की तो तुम्हाला गाडीवर बसवून माप घेतोय की नुसती सीट ठेवून जा म्हणतोय.

बाकीचं पटपट सांगते. ॲडजस्टेबल लिव्हर लावले, माझी बोटं लहान आहेत, क्लच अर्धवट दाबला जायचा आणि ट्रॅफिकमध्ये गाडी हळूच पुढं सरकायची. हँडलचे क्लॅम्प ढिले करून हँडल थोडं माझ्याकडं फिरवलं, पण फिरवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणत नाहीत ना ते बघाच. गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल माझ्या बुटांच्या मापानं जुळवले. बूट जाड सोलचे, अडीच इंच टाचेचे नाही, सपाट आणि घोटा धरणारे. त्यानं दोन सेंटीमीटर मिळाले. साईड स्टँडला पुढं छोटं टोक वेल्ड करून घेतलं कारण बसल्या जागेवरून पाय तिथवर पोचत नव्हता.

सामानाचं पण सांगायलाच हवं. टॉप बॉक्स लावू नका. एक तर वजन वर जातं आणि दुसरं म्हणजे पाय त्याच्यावरून टाकता येत नाही. मी दोन्ही बाजूला सॅडल बॅग लावते, जड वस्तू तळाला, आणि मागची सीट मोकळी ठेवते.

हे सगळं करून आता स्थिती काय, तर दोन्ही पायांचे चवडे टेकतात आणि जरा डावीकडं सरकलं की डावा पाय पूर्ण सपाट. उजवा पाय ब्रेकवर. पण हायवेवर खरी परीक्षा झाली ती पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात. तेव्हा साताऱ्याकडं जाताना घाट चढावाच लागायचा, बोगदा येतानाच मिळायचा, आणि शनिवारी सकाळी ट्रकच्या मागं वळणावर चढावर थांबायची वेळ आली. उजवीकडं उतार होता, मी चुकून उजवा पाय टाकला, खाली जमीनच नाही. गाडी आडवी. मागचा ट्रकवाला उतरून आला, दोघांनी मिळून उचलली, क्रॅश गार्डनं सगळं वाचवलं. त्यानंतर एका रिकाम्या मैदानात चार रविवार फक्त थांबायची प्रॅक्टिस केली. रस्ता कुठल्या बाजूला उंच आहे ते थांबायच्या दहा फूट आधी बघायचं, पाय कुठला टेकणार ते तेव्हाच ठरवायचं, हँडल सरळ ठेवून थांबायचं. पार्किंगला तोंड उताराकडं करून कधीच लावायची नाही, मागं ढकलायला पाय पुरत नाहीत. आणि पडलेली गाडी पाठ लावून, गुडघ्यांच्या जोरावर उचलायची, ते घरी मऊ गवतावर एकदा करून बघा, मग रस्त्यावर धीर येतो.

गाडी म्हणून? १०० ला एकदम निवांत चालते, ओव्हरटेकला दम लागत नाही. टाकी १३ लिटरची, मला हायवेला २७-२८ चा ॲव्हरेज मिळतोय, म्हणजे तीनशे किलोमीटरला पंप शोधायचा. शहरात मे महिन्यात पंख्याची गरम हवा पायांवर येते, ते आहे. चालायला लागली की १८४ किलो कुठं जातात कळत नाही, सगळं वजन फक्त शून्य ते पाचच्या स्पीडमध्ये आहे.

ओरिजिनल सीट माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलीये. धाकटी बहीण ५ फूट ५ आहे, पुढच्या महिन्यात गोव्याला जाताना ती अर्धा रस्ता चालवणार म्हणते, तेव्हा सीट बदलायचा पाना पण बॅगेत टाकावा लागणार.