नवऱ्याच्या कॅन्सरमध्ये मी स्वतःसाठी समुपदेशन घेतलं, त्याचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात सुरू केलं, आता ऊन तापायला लागलंय. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर "नुसत्या गप्पा आहेत" असंच सांगितलं असतं, म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय.

माझ्या नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर झाला. सातपूरच्या कंपनीत पाळीची नोकरी, रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखू-चुना, पुढे गुटखा. (राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. टपरीवर जाऊन विचारून बघा.) ऑपरेशनमध्ये खालच्या जबड्याचा भाग काढला, मग सहा आठवडे रेडिएशन. आम्ही नाशिकरोडला राहतो आणि समुपदेशन केंद्र गंगापूर रोडच्या बाजूला, एका ट्रस्टचं. फी ऐपतीप्रमाणे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

तिथे फक्त कॅन्सरवाले येत नाहीत. कुणाचा घटस्फोट चाललेला असतो, कुणाच्या डोक्यावर द्राक्षबागेचं कर्ज, कुणाचा तरणाताठा मुलगा गेलेला. मला हे बरं वाटलं. हॉस्पिटलच्या बाकावर शेजारचा माणूस पहिल्या दोन मिनिटांत "कितवी स्टेज?" विचारतो. इथे कुणी काही विचारत नाही.

पहिल्या दिवशी एक कागद दिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, ० ते १०, आणि गेल्या आठवड्यात किती त्रास झाला तिथे खूण करायची. ४ किंवा त्याच्या वर असेल तर लक्ष द्यायला हवं, असं समुपदेशक मॅडमनी सांगितलं. मी ८ वर खूण केली. खाली अडचणींची यादी होती आणि माझ्या बऱ्याचशा खुणा पैसे, रजा, जाणं-येणं आणि मुलाची दहावी यांवर पडल्या. त्यामुळे पहिली मदत मिळाली ती मनाची नव्हेच. मॅडमनी हॉस्पिटलमधल्या समाजसेवकाला गाठायला सांगितलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. आमची फाईल एका कागदासाठी अडली होती, ती पुढे सरकली. त्या रात्री मी झोपले.

आता मुख्य गोष्ट. मला नवऱ्याचा भयंकर राग येत होता. नणंद फोनवर म्हणायची, "वहिनी, तुम्हीच खचलात तर दादाचं कसं व्हायचं?" सासूबाई म्हणायच्या, "मन घट्ट कर, गंगामाई बघते आहे." आणि मी नळीतून पातळ पेज सोडताना मनात म्हणत असायचे, इतकी वर्षं घसा कोरडा केला, ऐकलं का तुम्ही? आजारी माणसाबद्दल असं वाटणं हे आपल्याकडे जवळपास पापच. तिथे हे तोंडातून निघालं तेव्हा मी दचकले. मॅडम दचकल्या नाहीत. "अजून कुणाकुणाचा राग आहे?" एवढंच विचारलं. मग काय, यादीच निघाली! कंपनीच्या गेटवर अजूनही पुडी पुढे करणारे मित्र, "देवाची इच्छा" म्हणणारे, आणि भेटायला येऊन तासभर चहाची वाट बघत बसणारे पाहुणे. यातल्या एकाही गोष्टीवर त्यांनी उपाय सांगितला नाही. पण घरी भांडी आपटायचं कमी झालं, हे माझ्या मुलाने मला सांगितलं.

समुपदेशन म्हणजे कुणीतरी शहाणा माणूस सल्ला देणार, अशी समजूत घेऊन गेलात तर वैतागाल. मी वैतागले होते. बऱ्याचदा प्रश्नाला प्रश्नच मिळतो. तरी एक ठोस फरक सांगते. रेडिएशननंतर तोंड आखडतं, म्हणून रोज आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये ठेवून तोंड उघडायचा व्यायाम असतो. त्यावरून आमची रोज खडाजंगी. "हे काम तुमच्याकडेच का आहे?" असं मॅडमनी विचारलं. आता ते मुलगा बघतो. बापलेक काड्या मोजतात, वहीत आकडा लिहितात, मी त्या वेळी दळण आणायला जाते.

नवरा आधी येतच नव्हता. "मी काय वेडा आहे?" हे त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं होतं. थंडीत एकदा आले. बोलणं अस्पष्ट, म्हणून घरात सगळेच त्यांची वाक्यं पुरी करायचो. तिथे त्यांना वही दिली आणि लिहून होईपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही. तंबाखूची तल्लफ अजून येते, हे मला त्या वहीतून कळलं. त्यांना तंबाखू सोडण्याच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा, १८००-११-२३५६ चा, नंबर तिथूनच मिळाला.

समुपदेशक औषध देत नाहीत. माझी झोप पुन्हा बिघडली, सलग काही आठवडे, तेव्हा त्यांनी स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. थोडे महिने गोळी घेतली, त्यांनीच हळूहळू बंद केली. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असलेल्या बायकांनी मात्र ते तिथे जरूर सांगावं. पॅरॉक्सेटीनसारख्या काही नैराश्याच्या गोळ्यांनी त्याचा परिणाम घटू शकतो. अवेळी फारच घाबरं झालं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एका रात्री लावला होता, सकाळपर्यंत निभलं.

आता तक्रारी. खोल्यांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे आणि पलीकडचं रडणं ऐकू येतं. म्हणजे आपलंही जात असणार. गुप्ततेचा फॉर्म भरून घेता, मग भिंत बांधा की! दुसरं, मध्येच आमच्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. नव्या मॅडम चांगल्या आहेत, पण सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची म्हणजे जिवावर येतं. निदान आधीच्यांनी त्यांची ओळख करून द्यायला हवी होती. तिसरं, केंद्रात भरणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांच्या गटात एक गृहस्थ दर वेळी कसल्याशा काढ्याचा प्रचार करायचे आणि त्यांना थांबवायला फार उशीर केला. मी गटात जाणं सोडलं. काहींना तोच गट फार आवडतो, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. फोनवरच्या भेटी मला जमल्या नाहीत. दोन खोल्यांच्या घरात नवऱ्याबद्दल बोलायचं कुठे, संडासात?

वेळ फक्त दुपारची. नोकरी करणाऱ्याला अर्धी रजा टाकावी लागते, त्यात सिटीलिंक बस द्वारका चौकात अडकली की झालंच.

सध्या मी महिन्यातून एकदा जाते. ते त्यांच्या वेळेला एकटे जातात, वही घेऊन. काय लिहितात ते मी विचारत नाही. एखाद्या घरी पेशंट असेल आणि सांभाळणारी बाई "मी ठीक आहे" म्हणत असेल, तर तिला मी एवढंच सांगेन की चार-पाच वेळा जाऊन बघ, पहिल्या वेळेवरून ठरवू नकोस. आणि जमलं तर कोपऱ्यातली खोली माग, तिला एकाच बाजूला पार्टिशन आहे.