डावीकडे ३५२१, उजवीकडे ४६१२

टायरच्या कडेला 'डॉट' या अक्षरांपुढे जी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे मला कॉलेजपासून पाठ आहे. मित्रांच्या गाड्यांचे टायर मीच बघून देतो. म्हणून टायर घेतानाच फसल्याचा हा किस्सा सांगताना लाज वाटते, पण आणखी कुणी त्या दुकानात, किंवा तसल्या दुसऱ्या दुकानात, जाण्याआधी सांगितलेला बरा.

माझ्याकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आहे, २३० पीएस ताकदीची, टायरची साइज २२५/४५ आर १७. ताकद सगळी पुढच्या चाकांना. फेब्रुवारी २०२४ मध्ये साताऱ्याहून मनाली आणि जमलंच तर अटल बोगद्यापलीकडे सिस्सू, असा बेत होता. शेजारचे नाना अपशिंगे मिलिटरी गावचे, फौजेत ट्रक चालवायचे, लेहचा रस्ता त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, "चेन घे दोन. आन बर्फ पडला की गाडी लावून गप चहा पी." बर्फात चाकांवर चढवायच्या त्या चेन मला नको होत्या. मला बर्फात आरएस चालवायची होती, हिवाळी टायर घालून.

हिवाळी टायरची गोष्ट खरी आहे, त्यात फसवणूक नाही. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक पडत जातं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरतात. नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, लिहिलेलं असेल तर ते कंपनीचं आपलं म्हणणं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण मात्र बर्फावरच्या चाचणीत पास झाल्यावरच मिळते. पण हा मऊपणा जन्मभर टिकत नाही. वर्षं गेली की रबर वाळतं, मग वरची नक्षी कितीही खोल असो.

हायवेला लागून एक टायरचं दुकान आहे. धंदा मुख्यतः ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्यांचा. उसाच्या ट्रॉलीला टायर घालणाऱ्याकडे बर्फाचे टायर कशाला असतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. फोनवर त्याने साइज विचारली आणि दुसऱ्याच दिवशी नेमकी तीच साइज 'जर्मनीच्या मालात' निघाली. चार टायर, ५६ हजार. बिल हवं असेल तर वर २८ टक्के, तेव्हा टायरला तेवढाच जीएसटी होता. "शेठ, बिलाचं काय लोणचं घालायचंय?" मी हसलो आणि पैसे त्याने सांगितलेल्या नंबरवर टाकले. नंबर त्याच्या मेहुण्याचा. साडेपंधरा हजार वाचवले म्हणून घरी फुशारकीही मारली.

"गाडी सकाळी सोडा, दुपारी न्या," म्हणाला. दुपारी गेलो तर चारही टायर चढलेले, वर काळं पॉलिश, लखलखीत. खरी मेख इथेच होती. हे टायर एकाच दिशेने फिरणारे, कडेला बाण असलेले. तारखेचे आकडे बहुतेक टायरांच्या एकाच कडेला असतात, दुसऱ्या कडेची ओळ अर्धवट असते. असे टायर बाणाप्रमाणे बसवले की गाडीच्या एका अंगाला तारीख बाहेर येते आणि दुसऱ्या अंगाला आत, सस्पेन्शनकडे तोंड करून. त्याने डावीकडे टॉर्च मारून दाखवलं. ३५२१. मागच्यावरही ३५२१. डोंगर, हिमकण, सगळं जागच्या जागी. मी उजवीकडे वळलो तर म्हणाला, "तिकडं आतून येतंय शेठ, बाणाचा टायर हाय." हे खरंच होतं. त्याला खोटं बोलायचीही गरज पडली नाही.

निघाल्या दिवसापासून स्टिअरिंग सोडलं की गाडी डावीकडे ओढायची. खंबाटकी उतरतानाच जाणवलं. पुण्यात अलाइनमेंट करून घेतलं, फरक शून्य. मी रस्त्याच्या उताराला दोष देऊन पुढे गेलो.

मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे, बोगद्याच्या अलीकडे सकाळी सावलीत एक वळण होतं. रस्ता ओला दिसत होता, प्रत्यक्षात बर्फाचा पातळ पापुद्रा. वेग तीसच्या आत. पुढची जीप थांबली, मी ब्रेक दाबला, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस टकटकलं. डावी चाकं धरली, उजवी नुसती घसरली, आणि गाडी फरशीवर भोवरा फिरावा तशी डावीकडे वळली. कडेला रस्त्यावरून ओढलेल्या बर्फाचा ढीग होता, त्यात नाक खुपसून थांबली. बंपर आणि फॉग लॅम्प गेले. बायको दहा मिनिटं काहीच बोलली नाही, ते बंपरपेक्षा वाईट.

कुल्लूतल्या टायरवाल्याने जॅक लावला, आत डोकं घातलं आणि मलाच बोलावलं. "भाईसाहब, इधर तो बारह का माल है." ४६१२. नोव्हेंबर २०१२. त्याने डाव्या टायरच्या ठोकळ्यात नख रुतवलं, खळगा पडला. उजव्यात नख वाकलं. नक्षी एकच, म्हणून मला बाहेरून काही कळलं नव्हतं. तिथूनच गाडी वळवली, सिस्सू राहिलं.

साताऱ्यात येऊन चारही टायर उतरवले तेव्हा आणखी एक दिसलं. आपल्याकडे विकायच्या कारच्या टायरवर आयएसआयची खूण लागते. यांच्यापैकी एकावरही नाही. शिवाय जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही. मग २०२१ चा टायर उसाच्या ट्रॉल्यांच्या दुकानात कुठून आला? माझा अंदाज, दोन वेगळ्या गाड्यांवरून उतरवलेल्या जोड्या असाव्यात.

दुकानदार शांत होता. "पोराकडनं जोडी बदलली असंल. बिल आणा, बघू." ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. पोलिसांनी अर्ज घेतला. मेहुण्याने सांगितलं की ते ५६ हजार मी त्याच्याकडून घेतलेले हातउसने परत केले. हा माणूस मी आजवर पाहिलेलाही नाही.

आता कुणी टायर घ्यायला चालला की मी एवढंच सांगतो: रिमवर चढण्याआधी चारही जमिनीवर आडवे ठेवून घे, चारांच्या तारखांचे फोटो काढ, आणि तेच आकडे बिलावर लिहून माग. कुरकुर केली तर तिथूनच परत फिर.

२०१२ च्या जोडीत नानांनी माती भरून सीताफळाची रोपं लावलीत. जाता-येता मला चेनचा भाव विचारतात. ३५२१ ची जोडी विकायला काढली आहे, दोन्ही कडा नीट बघून घ्या. बिल मात्र माझ्याकडे नाही.