जर्मन शून्यापासून शिकायचंय: उन्हाळ्यात थेट जर्मनीला जावं की आधी कोल्हापुरात क्लास लावावा?

गेल्या महिनाभरात तिघांनी मला हेच विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. एका मैत्रिणीची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एकजण शिरोलीच्या फौंड्रीत एक्स्पोर्ट बघतो आणि त्याचे दोन मोठे कस्टमर जर्मन आहेत, आणि तिसरी नर्स आहे. तिघांच्या डोक्यात एकच, की इथे आठवड्यातनं तीन दिवस क्लासला जात वर्ष घालवण्यापेक्षा चार आठवडे तिकडेच जाऊन राहिलं तर भाषा पटकन येईल. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी खरंच शून्यावर असताना फ्रायबुर्गला चार आठवडे जाऊन आले. माझा मावसभाऊ मात्र इथे ए२ पर्यंत करून मग ग्योटिंगनला गेला (भाषेच्या सहा लेव्हल धरतात, ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२, त्यात ए१ सगळ्यात खालची). त्यामुळे दोन्ही प्रकार घरातच बघून झालेत.

आधी तासांचा हिशोब घ्या, कारण जाहिरातीत "चार आठवड्यांत जर्मन" असं वाचलं की तोच विसरला जातो. ग्योटे इन्स्टिट्यूट म्हणजे जर्मनीची भाषा शिकवणारी मोठी संस्था, तिच्याच अंदाजाप्रमाणे ए१ पूर्ण व्हायला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात. तिकडच्या इंटेन्सिव्ह कोर्समध्ये आठवड्याला साधारण २० ते २५ तास होतात, म्हणजे चार आठवड्यांत ८० ते १००, आणि मोठ्या संस्था एक लेव्हल आठ आठवड्यांतच संपवतात. म्हणजे चार आठवड्यांत तुमचं अर्धं ए१ होतं. मी परत आले तेव्हा मला नाव-गाव-काम सांगता येत होतं, आकडे, वेळ, बाजारहाट येत होता, पण "काल मी काय केलं" हे सांगता येत नव्हतं, भूतकाळ शिकवायची वेळच आली नव्हती. इथे आठवड्यातनं तीन दिवस दीड-दीड तास धरला तर ४५ मिनिटांचे सहा तास होतात, त्या गतीने ए१ ला सहा-सात महिने जातात. वेगात तिकडचा कोर्स पुढे आहेच, त्यात वाद नाही.

पण पैसे बघा. मोठ्या संस्थांत चार आठवड्यांची फीच हजार युरोच्या वर जाते, युरो शंभर रुपये धरला तर लाख तिथेच गेला, वर राहणं, खाणं, विमान, व्हिसा, इन्शुरन्स. माझे सगळे मिळून तीन लाखांच्या आसपास गेले आणि त्यात मी बाहेर जेवायचं टाळलं होतं. इथल्या क्लासला याचा दहावा हिस्सा पण लागत नाही. तिकडे नगरपालिकांची प्रौढांसाठीची शिक्षण केंद्रं असतात, फोल्क्सहोखशूले म्हणतात त्यांना, ती बरीच स्वस्त पडतात, पण त्यांचं नवं सत्र सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होतं, उन्हाळ्यात वर्ग कमी असतात.

आणि उन्हाळा म्हणजे त्यांचा उन्हाळा, हे लक्षात घ्या. समर कोर्स जुलै-ऑगस्टला असतात, तेव्हा आपल्याकडे धो धो पाऊस आणि कॉलेजं सुरू झालेली. मैत्रिणीच्या मुलीला मी हेच आधी विचारलं, की अटेंडन्सचं काय करणार. एप्रिल-मेच्या सुट्टीत बसेल असं हवं असेल तर पुण्याचं मॅक्सम्युलर भवन (ग्योटे इन्स्टिट्यूटचंच भारतातलं नाव) किंवा त्यांचेच ऑनलाइन कोर्स जास्त सोयीचे. पुण्यात परकीय भाषा शिकवणारं रानडे इन्स्टिट्यूटही आहे आणि आपल्या शिवाजी विद्यापीठातही परकीय भाषांचा विभाग आहे, तिथे चौकशी न करता लोक डायरेक्ट विमानाचं तिकीट बघायला लागतात.

आता खरं काय मिळतं त्याबद्दल. लोकांना वाटतं तिकडे गेलं की चोवीस तास जर्मन कानावर पडतं. पडतं की, पण कळत नसेल तर तो नुसता आवाज असतो. माझ्या वर्गात ब्राझील, स्पेन, तुर्कस्तान, जपान इथले लोक होते, सगळेच शून्यावर, मग मधल्या सुट्टीत आमची भाषा कुठली तर इंग्रजी. बेकरीत ब्रेड मागितला की बाई विचारायची "सोन्स्ट नोख वास?" म्हणजे "अजून काही?" हे कळायला मला आठवडा लागला, तोवर मी अडखळले की ती इंग्रजीत बोलायची आणि तिथेच संपायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणजे तेवढीही प्रॅक्टिस नाही. भावाचं उलटं झालं. तो एका कुटुंबात राहिला, संध्याकाळी ते लोक ब्रेड-चीज असं थंडच जेवतात (आपल्या माणसाला ते जड जातं), पण त्या टेबलावर तासभर गप्पा चालायच्या आणि त्याला निम्म्याहून जास्त कळायचं, उरलेलं तो विचारायचा. चार आठवड्यांत त्याचं बोलणं जितकं सुटलं तितकं इथे वर्षभरात सुटलं नसतं. आठवडे तेवढेच, पैसे जवळपास तेवढेच, फरक फक्त जाताना काय येत होतं याचा.

दुसरी गोष्ट मला तिकडे जाऊन आल्यावर कळली, की सुरुवातीचं जर्मन मराठीतून शिकलं तर फार सोपं जातं, आणि ही सोय तिकडे मिळत नाही कारण तिथे पहिल्या दिवसापासून सगळं जर्मनमधूनच शिकवतात. डेअर, डी, डास ही तीन लिंगं म्हणजे आपले तो, ती, ते. मुलीला जर्मनमध्ये नपुंसकलिंग, डास मेडशेन, याचं वर्गात सगळ्यांना नवल वाटत होतं, पण आपल्या तळकोकणात चेडू नपुंसकलिंगीच आहे. एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो, जर्मनही तसंच, आइन-उंट-त्स्वान्त्सिश, माझ्या शेजारची स्पॅनिश मुलगी तिथे शेवटपर्यंत अडखळली. त्सेन म्हणजे दहा, त्यातला पहिला आवाज म्हणजे चमच्यातला च, चहातला नव्हे. आणि विभक्ती! अक्कुझाटिफ म्हणजे द्वितीया, डाटिफ म्हणजे चतुर्थी, आपल्याकडे दोन्हीला स-ला-ते तेच प्रत्यय आहेत, त्यांच्यात डेअरचं द्वितीयेत डेन आणि चतुर्थीत डेम असं वेगळं होतं. हे मला तिकडे तीन दिवस डोकं खाऊन कळलं नाही आणि परत आल्यावर राजारामपुरीतल्या एका मॅडमनी मराठीत वीस मिनिटांत समजावलं.

इथल्या क्लासची खोट पण आहे. कानावर फक्त सरांचं नाहीतर मॅडमचं जर्मन पडतं, त्यामुळे खऱ्या माणसाचं भरभर बोलणं आलं की सगळे गडबडतात. यावर डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे मोफत व्हिडिओ कोर्स रोज अर्धा तास तरी ऐकायचे, भावाने तेच केलं. शिवाय बॅच फुटायची भीती असते, त्याच्या पहिल्या क्लासला ए१ नंतर चारच जण उरले आणि बॅच बंद केली, उरलेले पैसे मिळायला दोन महिने लागले. फी भरताना ए२ ची बॅच नक्की चालते का, हे आधीच्या मुलांना विचारून घ्या.

मग कुणी काय करावं? नवरा किंवा बायको जर्मनीत आहे आणि जोडीदाराच्या व्हिसासाठी ए१ चं सर्टिफिकेट हवंय, तर बाहेर जायचा विचारच नको, १०० पैकी ६० मार्कांना पास होता येतं, इथे तयारी करून पुण्यात द्या, फक्त परीक्षेच्या जागा पटापट भरतात. नर्स ताईंना बी१-बी२ लागणार, तो दीड-दोन वर्षांचा रस्ता आहे, त्यातला एक महिना सुरुवातीलाच तीन लाखांत घालवणं मला पटत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलीने डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था) समर कोर्स स्कॉलरशिपचं ऐकलंय, पण त्याला आधीपासून जर्मन येणं लागतं, नवशिक्यांना ती नाही. शून्यावर थेट जाणं मी फक्त अशांना सांगेन ज्यांच्याकडे सलग आठ आठवडे आणि तेवढे पैसे दोन्ही आहेत, आणि ज्यांचं इथे क्लास लावून दरवेळी अर्ध्यात सुटतं.

फौंड्रीवाल्याला मी सांगितलं, जूनपासून इथे क्लास लाव, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत ए२ कर आणि मग चार आठवडे जा, बर्लिनसारख्या ठिकाणी नको, तिथे इंग्रजीवरच भागतं, लहान गाव बघ. ऑस्ट्रियातलं व्हिएन्नाही चालेल, तिथेही जर्मनच बोलतात, फक्त तिथे बटाट्याला कार्टोफेलऐवजी एर्टआप्फेल ऐकू येईल. ९० दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) चालतो, फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि "तिथे गेल्यावर वाढवून घेऊ" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, जास्त राहायचं असेल तर इथूनच वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो एप्रिल-मेलाच उरकून घ्या, कारण २०१९ आणि २०२१ ला पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता आणि पासपोर्ट बाहेर अडकून आपण पंचगंगेच्या अलीकडे बसलोय अशी वेळ ऐन जायच्या आठवड्यात नको.