आधी पर्सी की आधी आरू?

भाचीच्या बाराव्या वाढदिवसाला पुराणकथांवर बेतलेली एखादी इंग्रजी फँटसी द्यायची ठरवलं आणि दोन नावांपाशी अडकले. एक, रिक रायर्डन यांचं २००५ सालचं ‘पर्सी जॅक्सन अँड द लाइटनिंग थीफ’. दुसरं, रोशनी चोक्शी यांचं २०१८ सालचं ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’. पहिल्यात ग्रीक देव, दुसऱ्यात महाभारत. पर्सी बारा वर्षांचा, आरूही बारा वर्षांची. दोन्ही मूळ मालिका पाच-पाच भागांच्या. दोन्ही पहिले भाग मी आधी एकटीने वाचले, नंतर तिच्याबरोबर पुन्हा वाचले.

तुमच्यासमोरही हाच प्रश्न असेल तर माझं मत आधीच सांगते. ‘आपलं महाभारत आहे’ एवढ्यावर आरू घेऊ नका आणि ‘सगळी मुलं वाचतात’ एवढ्यावर पर्सीही घेऊ नका. मूल किती वाचतं आणि लहानपणापासून त्याच्या कानावर कोणत्या गोष्टी पडल्या आहेत, हे बघा.

वाचायचा कंटाळा करणाऱ्या मुलाला मी बिनदिक्कत पर्सी देईन. रायर्डन शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) आणि डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरांचा गोंधळ होणं) होता. रात्री झोपताना ते त्याला ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगत, त्या संपल्या तेव्हा त्यांनी स्वतःची एक रचली, आणि तिच्यातून हे पुस्तक झालं. पर्सीलाही तोच त्रास आहे. इंग्रजी अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर तरंगतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे. तो वर्गात स्वस्थ बसू शकत नाही, कारण त्याच्या अंगात रणांगणावरची सावधता आहे. ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ हे रोज ऐकणाऱ्या मुलाला या दोन वाक्यांनी केवढा धीर येत असेल! पुस्तकाचं हे बळ मला त्यातल्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं.

गोष्ट पर्सी स्वतः सांगतो, आणि पहिल्याच प्रकरणात संग्रहालयाच्या सहलीत गणिताच्या बाई राक्षसीण होऊन त्याच्या अंगावर येतात. ग्रीक देवांचं घर, ऑलिंपस, आहे न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर. पाताळाचं दार लॉस एंजेलिसच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. नजरेने माणसांचा दगड करणारी मेड्युसा न्यूजर्सीत रस्त्याकडेला दगडी पुतळे विकत बसली आहे. ग्रीक पुराण आधी ठाऊक असण्याची काहीच गरज नाही, कारण पर्सीलाही ते धड माहीत नसतं. वाचणारा त्याच्याबरोबरच शिकत जातो.

तरीही हे पुस्तक मराठी घराला परकं वाटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या दुसऱ्या वाचनात लक्षात आलं. देवापासून झालेली माणसाची मुलं आपल्याला काय नवीन आहेत? कुंतीने मंत्राने धर्म, वायू आणि इंद्र यांना बोलावलं, माद्रीसाठी अश्विनीकुमार आले. पाचही पांडव याच जातकुळीचे. पर्सीही देवाचाच मुलगा, पण तो पांडवांसारखा नाही. त्याचा बाप कोण, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. देवपुत्रांच्या छावणीत तो पोचतो तेव्हा, ज्यांना बापाने वा आईने अजून ओळख दिलेली नाही अशी सगळी मुलं एकाच खोलीत दाटीवाटीने राहत असतात, आणि पर्सीलाही तिथेच जमिनीवर झोपावं लागतं. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ वाचताना ज्यांचा जीव कर्णासाठी तुटला, त्यांना ही खोली लगेच ओळखू येईल. आपल्याला न विचारता जन्माला घातलेल्या आणि मग विसरून गेलेल्या मुलांचा राग या मालिकेत पाचही भागांत धुमसत राहतो.

एक गोष्ट पालकांनी आधी माहीत करून घ्यावी. पर्सीचा सावत्र बाप दारू पिणारा, जुगारी आणि बायकोवर हात उगारणारा आहे. हे भडकपणे लिहिलेलं नाही, पण मूल त्यावर प्रश्न विचारतं. आमच्याकडे त्या प्रकरणापाशी अर्धा तास पुस्तक बाजूला ठेवून बोलणं झालं.

आता आरू. अटलांटातल्या भारतीय कलेच्या संग्रहालयात ती आईबरोबर राहते. आई पुरातत्त्वज्ञ, सतत दौऱ्यावर. शाळेतल्या श्रीमंत मुलांवर छाप पाडायला आरू बेधडक थापा मारते. एक दिवस ती मुलं थेट दारात येऊन तिची थाप पकडतात, आणि त्यांच्या आव्हानाला पेटून ती संग्रहालयातला शापित दिवा लावते. काळ थांबतो, आई जागच्या जागी गोठते, दिव्यात कोंडलेला ‘स्लीपर’ नावाचा खलनायक मोकळा होतो. वाट दाखवायला एक कबूतर येतं, त्याचं नाव सुबाला. गांधारच्या राजाचं नाव सुबल होतं आणि त्याचा मुलगा कोण होता, हे ज्या मुलाला माहीत आहे, ते या नावाशी थबकेल. आरूची खरी मजा इथे आहे.

आरूमध्ये अर्जुनाचा आत्मा आहे. तिला भेटणारी मिनी ही युधिष्ठिर: आजारांना घाबरणारी, डॉक्टर व्हायचं ठरवलेली, नियमाने वागणारी मुलगी. एक थापाडी आणि एक धर्मराज अशी जोडी लावून दिल्यावर भाची मध्येच म्हणाली, “आत्या, पण ‘नरो वा कुंजरो वा’ तर धर्मराजच म्हणाला होता ना?” या प्रश्नासाठी मी शंभर पुस्तकं विकत घेईन. ज्या मुलाने आजीकडून महाभारत ऐकलं आहे, त्याला आरूमध्ये असे दुवे पानोपानी सापडतात. ज्याने ऐकलेलं नाही, त्याला मात्र नावांची गर्दी होते. शेवटी शब्दसूची दिली आहे, पण सूची उलगडत वाचण्यात गोष्टीची लय जाते.

लेखन म्हणून पहिला भाग पर्सीइतका घट्ट नाही. सुरुवातीच्या प्रकरणांत विनोद फार ठासून भरले आहेत. अमेरिकी वाचकासाठी दिलेली स्पष्टीकरणं आपल्या मुलांना लांबण लावल्यासारखी वाटतात, आणि देवलोकीचा बाजार कॉस्टको या अमेरिकेतल्या अवाढव्य दुकानाच्या आड दडलेला आहे हा विनोद पुण्या-नाशिकच्या मुलाला समजावून सांगावा लागतो. तोच विनोद न्यूजर्सीतल्या मराठी घरात पहिल्या फटक्यात कळेल. परदेशात वाढणाऱ्या मुलांना द्यायचं असेल तर मी आरूकडे जास्त झुकेन: शाळेत वेगळ्या आडनावाची, घरी देवांच्या गोष्टी ऐकणारी मुलगी नायिका होते, हे त्यांना कुठे रोज वाचायला मिळतं?

देवांशी घेतलेली सलगी घरातल्या मोठ्यांना खटकू शकते. मला खटकली नाही. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्या भाषेतले आपण वाचक आहोत, महाभारतातल्या माणसांना प्रश्न विचारायची सवय आपल्याला आहे. शिवाय चोक्शी स्वतः भारतीय वडिलांची मुलगी. दुसऱ्यांच्या पुराणांवर आपण न लिहिता त्या-त्या परंपरेतल्या लेखकांनी लिहावं, या विचाराने रायर्डन यांच्या नावाने एक ग्रंथमालिका निघाली, आणि तिचं पहिलं पुस्तक हेच.

पुढे किती वाचायला मिळेल हाही मुद्दा आहे. पर्सीच्या मूळ पाच भागांत तो सोळा वर्षांचा होतो, आणि नंतर रायर्डन यांनी रोमन, इजिप्शियन, नॉर्स देवांवर आणखी मालिका लिहिल्या. आरूची गोष्ट २०२२ साली पाचव्या भागात पूर्ण झाली. पर्सीवरची मालिका डिस्ने प्लसवर डिसेंबर २०२३ पासून आहे. मुलाने ती पाहिली नसेल तर आधी पुस्तक द्या, पर्सीचा आवाज आधी त्याच्या स्वतःच्या मनात उमटू द्या.

पंधरा-सोळाच्या मुलीला दोन्ही बाळबोध वाटतील. तिला चोक्शी यांचंच २०१६ सालचं ‘द स्टार-टच्ड क्वीन’ द्या. पत्रिकेत अशुभ विवाह लिहिलेल्या राजकन्येची गोष्ट आहे, प्रेमकथा आहे, भाषाही जड आहे.

भाचीला शेवटी मी आरू दिली, कारण तिच्या आजीने तिला भीष्माच्या शरशय्येपर्यंत सगळं सांगून ठेवलं होतं. पर्सीचे पुढचे भाग येत्या सुट्टीत. पहिला भाग संपल्यावर तिने बोटं मोजली. “पाच पांडव पुन्हा जन्माला आले म्हणतात. मग कर्ण?” पहिल्या भागात त्याचं उत्तर नाही. मी दुसरा भाग मागवला आहे.