लिक्विड: कंस नाहीत, तरी भागतं

वाचनालयाच्या ग्रंथसूचीचं संकेतस्थळ जेकिलवर, म्हणजे साध्या फाइलींतून तयार पानं बांधणाऱ्या साधनावर, आहे. त्यामुळे लिक्विड ही टेम्प्लेटची (पानाच्या साच्याची) भाषा मी निवडली नाही, ती सोबतच आली. पाचपैकी साडेतीन तारे. अटीच्या पोटात अट घालायला ती चांगली आहे, फक्त तिच्या खोडी आधी माहीत हव्यात.

काम छोटं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या पानावर नाव, लेखक, प्रकाशक आधीपासून होते. त्यात 'उपलब्ध' अशी हिरवी पट्टी वाढवायची. तीही मराठी आणि कोंकणी पुस्तकांनाच, कारण बाकीची घरी न्यायला मिळत नाहीत. ग्रंथपाल बाईंनी एवढंच बजावलं होतं, "पुस्तक वाचकाकडे असो नाहीतर बाइंडिंगला, त्याचं नाव पानावरून हलता कामा नये."

लिक्विडच्या अटीत कंस चालत नाहीत. 'अँड' (आणि) व 'ऑर' (किंवा) यांत कुणी थोरलं-धाकटं नाही, अट उजवीकडून डावीकडे सोडवली जाते. 'मराठी ऑर कोंकणी अँड शिल्लक' असं लिहिलं की अर्थ होतो, 'कुठलंही मराठी, किंवा शिल्लक असलेलं कोंकणी'. म्हणजे कुणाच्या तरी उशाशी पडलेली मराठी कादंबरीही उपलब्ध! गंमत अशी, की 'शिल्लक अँड मराठी ऑर कोंकणी' असं लिहिलं तर उत्तर बरोबर येतं. पण पायथन भाषेवर, जिथे 'अँड' आधी सुटतो, हात बसलेला माणूस ही ओळ चुकीची समजून 'सुधारणार', हे ठरलेलं. त्यापेक्षा बाहेर 'शिल्लक आहे का' आणि आत 'मराठी ऑर कोंकणी' अशा दोन अटी लिहाव्यात. पायथनमधल्या जँगो या वेब-चौकटीच्या टेम्प्लेटातही कंस नाहीत, आणि तिथली अधिकृत माहितीपुस्तिका अटीत अट लिहा असंच सांगते. जिंजा या पायथनच्याच दुसऱ्या टेम्प्लेट-भाषेत कंस चालतात. तिथे ते उजवं.

दुसरी खोडी रिकाम्या मजकुराची. लिक्विडच्या लेखी खोटं म्हणजे फक्त 'फॉल्स' आणि 'निल' (काहीच नसणं). शून्यही खरं, रिकामं अवतरणही खरं. नोंदीत अनुवादकाच्या रकान्यात नुसती दोन अवतरणचिन्हं राहिली, तर पानावर 'अनुवाद:' एवढंच छापून येतं, पुढे कोणी नाही. रकाना आहे का आणि तो रिकामा नाही ना, हे दोन्ही विचारावं लागतं.

आता बाईंच्या अटीचं. अट संपवणारा 'एन्डइफ' लिहायचाच राहिला तर बरं; जेकिल पान बांधायलाच नकार देतं आणि संकेतस्थळ जिथे ठेवलंय त्या गिटहब पेजेसवर जुनं संकेतस्थळ तसंच उभं राहतं. धोका असतो तो चुकीच्या ओळीवर बसलेल्या 'एन्डइफ'चा. लिक्विडला एचटीएमएलशी काही देणंघेणं नाही, तुमचा डिव्ह (पानातला कप्पा) कुठे सुरू झाला नि कुठे संपला हे ते बघत नाही. आतला 'एन्डइफ' जागेवर आणि बाहेरचा चार ओळी खाली गेला, तर मधला लेखक-प्रकाशक मुकाट्याने गायब होतो, तोही ज्या पुस्तकांची अट पुरी होत नाही त्यांच्याच पानांवर. चाचणीला नेमकं शिल्लक पुस्तक उघडलं तर सगळं छान दिसतं! म्हणून जुन्या मजकुराला मी हातच लावत नाही. दोन्ही अटी आणि पट्टी वेगळ्या फाइलीत, आणि मूळ टेम्प्लेटात ती फाइल आत घेणारी 'इन्क्लूड'ची एक ओळ. तपासताना बाहेर गेलेलं पुस्तक आधी.

टोबियास ल्युटके यांनी 2006 साली लिक्विड हे शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या सेवेसाठी लिहिलं. दुकानदाराने आपल्या दुकानाचं रूप बदलावं पण सर्व्हरवर भलतं काही चालवू नये, हा हेतू. कडक शिस्त तिथून आली असावी. कंस न देण्याचं कारण मात्र मला अजून पटलेलं नाही.

अटी आत-आत गेल्या की तयार पानाच्या कोडमध्ये रिकाम्या ओळींची रांग लागते. लिक्विडच्या चौथ्या आवृत्तीपासून अटीच्या खुणेतल्या टक्क्याच्या चिन्हाला खेटून आडवी रेघ दिली की त्या जातात. वाचकाला त्या तशाही दिसत नाहीत, म्हणून मी फक्त इन्क्लूडच्या फाइलीत ती देते.