हल्केनबर्गचा तिसरा क्रमांक की अलोन्सोचा पाचवा?

2025 च्या फॉर्म्युला वन मोसमात मधल्या फळीतल्या संघांच्या दोन जुन्या ड्रायव्हरांनी मन जिंकलं. हंगेरीत अलोन्सो पाचव्या जागेवरून निघाला आणि पाचवाच आला, 10 गुण. आठवडाभर आधी बेल्जियममधल्या स्पाच्या पात्रता फेरीत त्याची टीम अ‍ॅस्टन मार्टिन तळाला होती, हे विसरू नका. सुरेख, पण कोरड्या ट्रॅकवर जागा राखण्याचं काम.

ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला हल्केनबर्ग एकोणिसाव्या जागेवरून सुटला, तेही सॉबरच्या गाडीतून! पाऊस मदतीला होता, मान्य. पण शेवटी फेरारीचा हॅमिल्टन एक लॅप आधी स्लिक (कोरड्या ट्रॅकच्या) टायरवर गेला, हल्केनबर्ग ओलसर ट्रॅकवर आणखी एक लॅप इंटरमीडिएट (ओलसर ट्रॅकच्या) टायरवरच राहिला आणि मग फेरारीला मागेच ठेवलं. 15 गुण आणि 239 व्या शर्यतीत पहिला पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा. माझं मत सिल्व्हरस्टोनला.