बीएला समाजशास्त्र घ्यावं की राज्यशास्त्र?

उदाहरण म्हणून ग्रामपंचायतच घ्या ना. राज्यशास्त्रात तुम्ही पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती, महिलांचं आरक्षण, ग्रामसभेचे अधिकार शिकाल, एमपीएससी करायचीये तर ते थेट कामी येतं. समाजशास्त्र मात्र त्याच गावात शिरून विचारतं की सरपंचबाई निवडून आल्या खऱ्या पण निर्णय कोण घेतं, जमीन कोणाच्या नावावर, पाण्यावर हक्क कोणाचा, आणि मग समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची ‘प्रभुत्वशाली जात’ (संख्या, जमीन, सत्ता यांच्या जोरावर गावात वरचढ असलेली जात) ही कल्पना एकदम डोक्यात बसते. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र १९१९पासून आहे बरं का. थिअरी जड जाते हे खरं, दुर्खीम-वेबर या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्या विचारवंतांना वेळ द्यावाच लागतो, आणि कॉलेज फील्डवर्क करून घेत नसेल तर निम्मी मजा जाते. पण लोकांशी बोलायची आवड असेल तर मी डोळे झाकून समाजशास्त्रच सांगेन.